मेंदूला दीड इंच मार्जिन

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिला गेला. दुकानात सध्या कापडाचे एवढे गठ्ठे पडलेत की आडवं व्हायला जागा नाही. तेव्हा हा नमस्कार गुडघ्यापर्यंतचा समज, उरलेला भेटीत घालीन.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भावजय ठीक आहे, तिचा गुडघा ठीक नाही, पण तो लग्नापासूनच ठीक नाही, त्यामुळे एकंदरीत ठीकच म्हणायचं. तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न तुला विचारला आहे, ताई. सूनबाईला नाही.

हे पत्र सूनबाई तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे. एकदा चुकून तिने फोन उचलला, तेव्हा तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. (सूनबाई, कंसातलंसुद्धा वाचायचं. आणि माझं बोलणं वाचताना आवाज जरा पुरुषी काढ, नाहीतर ताईला वाटेल शेजारीण चुगल्या करायला आली आहे.) फोन सोडून पत्र का, तर फोन तुझा मुलगा उचलतो. मी विचारतो, ताईला दे. तो म्हणतो, मामा, आईला आता काही कळत नाही, उगाच तिला त्रास. आणि मग मला हवामान सांगतो. चार महिन्यांपूर्वी तुला तो झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. तीन आठवडे एक बाई बोलण्याचे व्यायाम घ्यायला आली, आणि फरक दिसत नाही म्हणून तुझ्या इंजिनीयरसाहेब मुलाने तिला बंद केलं. मुलगा वाईट नाही. तुझे केस तो स्वतः विंचरतो, भांग वाकडा पाडतो, पण विंचरतो. फक्त त्याने मनात एक हिशेब घालून टाकला आहे: आई बोलत नाही, म्हणजे आईला कळत नाही. हा हिशेब चुकीचा आहे, हे सांगायला एवढं लांबलचक पत्र. माझाही हिशेब तोच होता, ताई. त्याची लाज पुढे सांगतो. आधी गंमत सांगतो, कारण आधी लाज सांगितली तर गंमत सांगायचा धीर होणार नाही.

तर, मी मेंदू शिवला.

हसू नकोस. (सूनबाई, ती हसली का? हसली असेल तर जरा थांब, तिला पुरतं हसू दे.) तुला माहीतच आहे, वैद्यकीय कॉलेजच्या पोरापोरींचे पांढरे एप्रन गेली बारा वर्षं माझ्याकडेच शिवले जातात. तिथल्या शरीररचना विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मोठे सर म्हणतात, एक दिवस स्वतः दुकानात आले. मला वाटलं, एप्रनचा खिसा उसवला असेल. त्यांनी काउंटरवर एक तक्ता पसरला. तक्त्यावर मेंदू. म्हणाले, विभागात एक नवीन खोली उघडतो आहोत, तिथली प्रत्येक वस्तू लोकांनी हातात घेऊन बघायची. प्लास्टरचा मेंदू मुलं खाली टाकतात आणि तो फुटतो. कापडाचा करून द्याल का? मी म्हटलं, कुणाच्या मापाचा? ते म्हणाले, सर्वसाधारण माणसाच्या. ताई, तीस वर्षांत माझ्या दुकानात सर्वसाधारण माणूस आलेला नाही. जो येतो तो एक तर पोटात बसत नाही किंवा खांद्यात मावत नाही. पण तोंडाने मी हो म्हणून बसलो. माझं हे तोंडाने हो म्हणणं तुला काय नवीन आहे?

मग सरांनी स्टुलावर बसून मला समजावलं. डोक्यात तीन गोष्टी. खाली देठ, त्याच्या मागे लहान मेंदू, आणि या दोघांच्या डोक्यावर बसलेला मोठा मेंदू. आपल्याला फक्त मोठा करायचा. त्याचे दोन अर्धे, डावा आणि उजवा, मधे खोल फट, आणि फटीच्या तळाशी दोघांना जोडणारी जाड पट्टी. डाव्याने पाहिलेलं उजव्याला कळतं ते त्या पट्टीतून. (तुमच्या घरात ही पट्टी म्हणजे सूनबाई. तू आणि तुझा मुलगा भांडलात की निरोप तिच्यातूनच ये-जा करायचे.) बाहेरून राखाडी, आतून पांढरा. मी म्हटलं, म्हणजे वर सुटाचं कापड आणि आत पांढरं अस्तर. सर म्हणाले, अगदी बरोबर, आणि मला भरून आलं. अस्तराची चौकशी करणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं.

कापड किती लागेल विचारलं तर म्हणाले, वरची साल सगळी उलगडली तर साधारण अडीच हजार चौरस सेंटिमीटर. मी टेप लावून बघितलं. पन्नास बाय पन्नास! ताई, एका बनियनला याच्याहून जास्त कापड लागतं. माणसाचं सगळं शहाणपण, पाढे, रुसवे, शेजाऱ्यांची गुपितं, सगळं एका बनियनपेक्षा कमी कापडात. तुझ्या शिवणक्लासात मुली पहिल्या आठवड्यात उशीचा अभ्रा शिवायच्या, तोसुद्धा याहून मोठा. आणि एवढं कापड कवटीत मावावं म्हणून ते चुण्या घालून आत दाबलेलं, दोन तृतीयांश चुण्यांच्या आत लपलेलं, बाहेर दिसतं ते फक्त एक तृतीयांश. सरांनी मापासाठी पारदर्शक प्लास्टिकची कवटी दिली. वरचं झाकण उघडतं, तीन क्लिपांनी बंद होतं. ती मी काउंटरवर ठेवली, तेव्हापासून उधारी मागायला येणारे जरा लांबून बोलतात.

चुण्या म्हटल्यावर मी सरसावलो. चुण्या म्हणजे आपल्या घरचं काम. पहिला मेंदू मी तीन दिवस खपून केला. एकेक चुणी अर्ध्या इंचाची, फूटपट्टी लावून, इस्त्री मारून, इकडे अठरा तर तिकडे अठरा. सरांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला, आणि म्हणाले, हा मेंदू नाही, ही फ्रॉकची झालर आहे. खऱ्या मेंदूला शिस्त नसते म्हणे. घड्या वाकड्या, एक लांब, एक आखूड, आणि दोन माणसांच्या सारख्या नसतात. मी दुखावलो. मग रागाच्या भरात उसवलेलं कापड खळीत बुचकळलं, कवटीच्या अर्ध्यात कोंबलं, मुठीने दाबलं, आणि जिथे जशी घडी पडली तिथे तसा कच्चा टाका घातला. दुसऱ्या दिवशी सर आले, बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा बघितलं. म्हणाले, वा! जे तीन दिवस नीट करून जमलं नाही ते रागाने एका दुपारात जमलं. (माझ्या रागाला घरात कधीच किंमत नव्हती, हे तुझ्या भावजयीला मी त्या दिवशी तीनदा ऐकवलं.)

पुढचं काम होतं खुणांचं. मेंदूवर जिथे जे काम चालतं तिथे टिचबटण लावायचं आणि नावाची पट्टी त्यात अडकवायची. म्हणजे मुलांनी पट्ट्या काढायच्या आणि पुन्हा योग्य जागी लावायच्या. त्यासाठी सरांनी एक बाई पाठवल्या. त्या दवाखान्यात, ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना बोलायला शिकवतात. ही खोली नुसती विद्यार्थ्यांसाठी नाही, तर अशा आजाऱ्यांच्या घरच्यांसाठीसुद्धा आहे, आपल्या माणसाचं नेमकं काय बिघडलंय ते त्यांना हाताने चाचपून कळावं म्हणून. बाई बुटक्या, आवाज खणखणीत, आणि स्टुलावर बसल्या की पाय जमिनीला टेकत नाहीत. त्या बोट ठेवत गेल्या, मी बटण लावत गेलो.

कपाळामागे सगळा पुढचा भाग म्हणजे विचार करणं, बेत आखणं, आणि तोंडावर आलेला शब्द गिळणं. त्या म्हणाल्या, हा भाग माणसाला सांगतो की थांब, आत्ता नको. मी म्हटलं, माझ्यात हा भाग शिवायचा राहून गेला असावा. तुझी भावजय पडद्याआडून हो म्हणाली. माथ्यावरून कानापासून कानापर्यंत एक पट्टा, मुली केसांना लावतात तसा. तो हातापायांना हुकूम सोडतो, आणि त्याच्या मागे लागून दुसरा, जो हातापायांच्या बातम्या घेतो. त्या पट्ट्यावर सगळं शरीर उलटं टांगलेलं असतं, पाय वर, तोंड खाली. आणि जागेची वाटणी अशी की संपूर्ण पाठीला चिमूटभर जागा, आणि हाताच्या अंगठ्याला, ओठांना, जिभेला भरमसाट. जन्मभर मी पाठीची मापं घेत आलो, आणि मेंदूला पाठीची कवडीची किंमत नाही! हे ऐकून मी अर्धा तास काम बंद ठेवलं होतं. सगळ्यात मागे बघायचं काम. डोळे पुढे आणि बघणं मागे. अशी मांडणी मी एखाद्या कोटात केली असती तर गिऱ्हाइकाने मला दारात उभं केलं नसतं. कानशिलाच्या बाजूला ऐकणं, आणि तिथेच आत खोल एक जागा, जिथे नवीन आठवण आधी ठेवली जाते. तिथे मी कोटाला लावतो तसा चोरखिसा लावला. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी त्यात लगेच माझ्या दुकानाचं कार्ड टाकलं.

मग त्यांनी डाव्या अर्ध्यावर, कपाळाच्या कडेला, भुवईच्या शेपटापासून थोडं मागे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे बोलणं. बहुतेक सगळ्या माणसांचं बोलणं डाव्या बाजूलाच असतं. मी सुई घातली. बटण जेवढं असतं साधारण तेवढीच जागा. सुई वर काढली आणि बघतो तर शेजारच्या पट्ट्यावर मी मघाशी लावलेली पट्टी, उजवा हात. (डावा अर्धा उजव्या अंगाला हुकूम सोडतो, उजवा डाव्या अंगाला.) त्याला लागूनच ओठ आणि जीभ. मी बाईंना विचारलं, म्हणजे कुणाचा उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं तर? त्या म्हणाल्या, शेजारी शेजारी आहेत, रक्ताची नळी एकच, ती तुंबली की दोन्ही जातात. आणि समजणं? मी विचारलं. ऐकलेलं समजणं? त्यांनी बोट चार बोटं मागे नेलं, कानाच्या वरच्या अंगाला. म्हणाल्या, ते इथे. लांब आहे. माणसाला पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, पण असं पुष्कळदा होतं की पुढचं जातं आणि मागचं राहतं. सगळं ऐकू येतं, बरंचसं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. आणि घरचे समजतात, खुळं झालं.

ताई, माझ्या हातातून सुई पडली. ती अजून सापडलेली नाही, आणि तुझी भावजय चपलेशिवाय दुकानात येत नाही.

आता लाज सांगतो. दोन महिन्यांपूर्वी मी तुला बघायला आलो होतो. तू खिडकीपाशी बसली होतीस. मी येताना घाईत शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली गेली होती. तू डाव्या हाताने माझी मान खाली ओढलीस, कॉलर बाहेर काढलीस आणि तिच्यावर एक चापट मारलीस. आणि मी गाढव, तुझ्यासमोर बसून सूनबाईला विचारलं, ताई जेवते का? ताई झोपते का? ताई रडते का? तुला एक प्रश्न विचारला नाही. उलट जाताना, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा तुझ्या कानाशी ओरडलो, की मीऽ येतोऽऽ. तू माझ्याकडे जे बघितलंस ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. तोंडात चार टाचण्या धरून, एकही न पाडता, तू मला जन्मभर जे झापलंस ना, ते बघणं. मला ते कळायला पाहिजे होतं. कॉलर वाकडी आहे हे ज्याला कळतं त्याला सगळं कळतं. मला माफ कर. (सूनबाई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. हळू.)

असो. गंमत अजून संपलेली नाही. नको ते झालं ते उद्घाटनाच्या दिवशी.

तू मला शिकवलंस की कपडा आजच्या माणसासाठी नाही, उद्याच्या माणसासाठी शिवायचा. अंग भरलं, पोट सुटलं, तर सोडायला आत कापड पाहिजे. म्हणून मी प्रत्येक शिवणीत मार्जिन ठेवतो, आणि त्या सवयीने मी मेंदूच्या प्रत्येक शिवणीतही दीड-दीड इंच मार्जिन ठेवलं. दीड इंच! मनात असं की माणूस पुढेमागे चार पुस्तकं वाचील, दोन भाषा शिकेल, मेंदू वाढेल. (तेव्हा पुढे जे झालं त्याला मूळ कारण तू आहेस. मी निमित्तमात्र.) उद्घाटनाच्या सकाळी मेंदू कवटीत घातला तर झाकण लागेना. दाबलं, लागेना. मग कवटी स्टुलावर ठेवून तिच्यावर तुझी भावजय बसली, मी तिन्ही क्लिपा लावल्या. तिचा गुडघा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. तो दुखतो म्हणून ती कशावरही एकदम बसते.

पाहुणे म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, करड्या मिशांचे, भाषण घडी करून वरच्या खिशात. हॉलमध्ये शंभरेक मुलं, पुढच्या रांगेत मोठे सर, शेजारी बाई. प्राचार्यांनी माइकवर मेंदूविषयी दोन सुंदर वाक्यं म्हटली आणि पहिली क्लिप काढली. काही झालं नाही. दुसरी काढली. झाकण एका बाजूने किंचित वर झालं. ताई, मी शेवटच्या रांगेत होतो आणि तिथूनच ओरडलो, तिसरी काढू नका! पण माणसाला काढू नका म्हटलं की तो काढतो, हे मेंदूच्या कुठल्या भागात लिहिलेलं आहे ते बाईंना विचारायचं राहिलं. झाकण उडालं. मेंदू आधी हळूच वर आला, कुणी आत बसून डोकं बाहेर काढावं तसा, आणि मग एकदम उसळून प्राचार्यांच्या चष्म्यावर आदळला. तिथून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. कच्चे टाके ते कच्चेच, फटाफट तुटले, आणि मोठा मेंदू उलगडून फरशीवर पसरला. टिचबटणं टकटक करत सुटली. बोलणं एका बाकाखाली गेलं, बघणं दाराबाहेर गेलं, आणि चोरखिशातून माझ्या दुकानाचं कार्ड बाहेर पडून बरोबर सरांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. प्राचार्यांना भाषणाचं तिसरं वाक्य आठवेना. खिशातला कागद आठवेना. ते माइकवर धन्यवाद म्हणाले आणि बसले.

मोठे सर माझ्याकडे आले. हलक्या आवाजात म्हणाले, हे काय? मी म्हटलं, मार्जिन. ते म्हणाले, मेंदूला मार्जिन? मी म्हटलं, सर, पुढेमागे वाढला तर? ते तिथल्या बाकावर बसले, आणि मला वाटलं आता हे मला हाकलणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. एवढ्यात बाई उठल्या, फरशीवरचं कापड त्यांनी टेबलावर पसरलं, चारी कोपरे ओढले आणि खणखणीत आवाजात मुलांना म्हणाल्या, या, हात लावा, एवढेच असतो आपण सगळे. मुलं तुटून पडली. सालीवर हात फिरवून कुठली चुणी कुठे आत जाते ते बघायला लागली, सुटलेली बटणं गोळा करून आणायला लागली. एका मुलीने बोलणं बाकाखालून शोधून आणलं आणि बाईंना विचारलं, हे हरवलं तर काय करायचं? बाई म्हणाल्या, शेजारच्यांना शिकवायचं. सगळं काम ते उचलत नाहीत, पण रोज बसून शिकवलं तर थोडं उचलतात. लवकर बसलं तर जास्त. सर नंतर मला म्हणाले की कवटीत मार्जिन नसतं, मोठ्या माणसाचा मेंदू आकाराने वाढत नाही, पण आतल्या आत नवे धागे जोडून घेतो. मला तेवढं पुरे झालं. मार्जिन कुठे का असेना, आहे ना.

बाकी विशेष काही नाही. मेंदू मी पुन्हा शिवायला घेतला आहे. तुझ्या मुलाला माझे आशीर्वाद सांग. (सूनबाई, तू सांग. आणि भांगाचं तूच बघ, त्याला जमत नाही.) तुझ्या शिवणक्लासातल्या एका मुलीचं मोठं दुकान झालंय, परवा भेटली. तुझी चौकशी करताना तिचे डोळे भरले, आणि लगेच तिने माझ्या शर्टाची बाही बघून नाक मुरडलं. तुझीच शिकवण.

तुझा धाकटा,
तू ज्याला लुडबुड्या म्हणतेस तो

ता. क. १ – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. कॉलेजकडून मला असे आणखी दहा मेंदू शिवायची मोठी ऑर्डर आहे, आणि चुण्या मला एकट्याला जमत नाहीत. तू नुसतं बसून दाखवायचं, डाव्या हाताने. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं. तेव्हा येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तीन महिन्यांची तयारी असू दे. कॉलेजच्या दवाखान्यात बाई रोज सकाळी तासभर तुझ्याबरोबर बसणार आहेत, मी बोलून ठेवलं आहे. चार महिने झाले म्हणजे उशीर झाला का, असं विचारलं तर म्हणाल्या, उद्यापेक्षा आज बरा. इंजिनीयरसाहेबांना सांग, मामा भांडायला येत नाही, आईला न्यायला येतो. भांडण करायचंच असेल तर रविवारी दहाच्या आत उरकू.

ता. क. २ – दहा मेंदूंची ऑर्डर खोटी आहे. त्यांना एकच हवाय, आणि तोसुद्धा मार्जिन न ठेवता. दहा म्हटलं तर तुला वाटेल की कामासाठी बोलावतोय, आणि कामासाठी तू कुठेही येतेस, म्हणून दहा लिहिले. खरं कारण एवढंच की मला तू हवी आहेस. चार महिन्यांत मला कुणी झापलेलं नाही, आणि माझी सगळी कामं बिघडत चालली आहेत. तू पुन्हा बोलशीलच असं बाई म्हणत नाहीत. दोन शब्द येतील, दहा येतील, कदाचित एकही येणार नाही. तरी ये. न बोलता बसलीस तरी माझ्या दुकानात तुझ्याइतकं कळणारं माणूस दुसरं नसेल.

ता. क. ३ – हे सूनबाईसाठी, पण ताई, तूही ऐक. सूनबाई, आता खाली एक प्रश्न येईल. तो वाचलास की पत्र मांडीवर ठेव आणि ताईकडे बघ. हो असेल तर ती डावा हात उचलेल, नको असेल तर मान हलवेल. उत्तराला वेळ लागतो, बाई म्हणतात. आतून रस्ता शोधत शोधत यावं लागतं त्याला. आणि घरचे लोक तेवढं थांबत नाहीत. प्रश्न विचारतात, मोजून तीन श्वास थांबतात आणि आपणच उत्तर देऊन टाकतात. तू देऊ नकोस. नवरा आला तर त्यालाही देऊ देऊ नकोस. चहा गार होऊ दे, फोन वाजू दे, दारावर कुणी असेल तर असू दे. ती बघेल, मग खिडकीकडे बघेल, मग पुन्हा तुझ्याकडे. थांब. मीसुद्धा यापुढे एक अक्षर लिहीत नाही.

ताई, माझ्याकडे येतेस?